मोरस साखर: ऊस आपल्या माणसांनी लावला, जमीन कुणाची राहिली?

माणगावखोरं (धागाकर्ती)

माझी पणजी साखरेला शेवटपर्यंत 'मोरस' म्हणायची. घरात रोजचा गूळ, आणि मोरस फक्त पाहुण्यांच्या चहाला. आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे आजही मोरस म्हणजे साखर. हा शब्द मॉरिशसवरून आला हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. त्या बेटाची साखर मुंबई बंदरात उतरायची, आणि ती पिकवायला रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडची माणसं त्याच बंदरातून जहाजात चढायची.

गेल्या डिसेंबरात आम्ही मॉरिशसला गेलो होतो. आमच्या सहलीतले गाइड बसमध्ये माइकवर म्हणाले, "तुमची माणसं इथे नेसत्या कपड्यांनिशी आली आणि आज राज्य करतायत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी उसाच्या शेतांमधून जाताना मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग दिसले, घरांएवढे. आपल्या सह्याद्रीतला असतो तसाच ज्वालामुखीचा काळा दगड. मजुरांनी एकेक धोंडा हातांनी उचलून रानं मोकळी केली, त्याचे ते ढीग. त्यातला वरचा, डोक्याएवढा एक धोंडा मी उचलून बघितला. छातीपर्यंत आणला आणि ठेवून दिला. त्या टाळ्या तेव्हापासून मनात खुपतायत. आल्यावर चार-पाच महिने वाचत होते. जे कळलं ते इथे मांडते, कारण 'आपली माणसं जिंकली' ही गोष्ट अर्धी आहे असं माझं ठाम मत झालंय.

बेटावर मूळची वस्तीच नव्हती. डच आले १५९८ मध्ये, ऊसही त्यांनीच आणला, आणि १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. मग १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांनी मोझांबिक आणि मादागास्करहून गुलाम आणून बंदर बांधलं, मळे उभे केले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण शरणागतीच्या अटींत फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता, कायदे, भाषा आणि धर्म जसेच्या तसे राखले. राजा बदलला, मालक तेच राहिले. १८२५ मध्ये लंडनने मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली आणि सगळं बेट उसाखाली जायला लागलं.

१ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. बेटावर सुमारे ६६ हजार गुलाम होते. सरकारने नुकसानभरपाई दिली, वीस लाख पौंडांच्या आसपास. ती मिळाली मालकांना! ज्याची पाठ सोलली त्याला एक पैसा नाही, बिघाभर रान नाही. उलट आणखी चार वर्षं 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकाकडे राबायची सक्ती. ती १८३९ मध्ये सुटल्यावर लोक मळ्यांकडे पाठ फिरवून किनाऱ्यावर गेले आणि मासेमारी, सुतारकाम, जे मिळेल ते करू लागले.

मालकांकडे रोख पैसा होता, जमीन होती, आणि स्वस्त मजूर हवा होता. 'आपली' गोष्ट इथे सुरू होते. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले. पुढे एकट्या १८४३ मध्ये तीस हजारांहून जास्त माणसं आली. १८६१ च्या शिरगणतीत बेटावरची साठ टक्क्यांहून जास्त माणसं भारतीय होती. एकूण साडेचार लाखांच्या वर माणसं राजधानी पोर्ट लुईच्या बंदरावरच्या घाटाच्या सोळा पायऱ्या चढून गेली. त्याला आधी कुली घाट म्हणायचे, आता आप्रवासी घाट.

पाच वर्षांचं कंत्राट, महिना पाच रुपये, वर तांदूळ-डाळ-मीठ. आणि 'डबल कट': एक दिवस कामावर नाही आलात तर दोन दिवसांची मजुरी कापायची. १८६७ च्या कायद्याने तर कंत्राट संपलेल्या माणसालाही स्वतःचा फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, नसला की पोलीस भटक्या म्हणून धरत. आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या माणसाने १८७१ मध्ये या मजुरांसाठी नऊ हजारांहून जास्त जणांचा अर्ज गोळा केला. मळेवाल्यांनी त्यालाच हद्दपार करा म्हणून मागणी केली. पण त्यामुळे शाही आयोग नेमला गेला आणि जुलूम कागदावर आला.

आपल्या माणसांनी सोसलं त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांना तिथे नेलं ते मुक्त झालेल्या आफ्रिकनांना मजुरीचा भाव मागता येऊ नये म्हणून. एकाच्या सुटकेचे पैसे मालकाने घेतले आणि त्याच बळावर दुसऱ्याला आणून पहिल्याच्या जागी उभं केलं. आज बेटावर क्रिओल म्हणवणारा मोठा समाज आहे, त्या गुलामांचे वंशज. सहलीत त्यांचं नाव कुणी घेतलं ते फक्त सेगा या तिथल्या लोकनाचाच्या वेळी.

इथे साखरेतले, कायद्यातले, तिथे राहिलेले लोक आहेत. मला तुमच्याकडून ऐकायचंय.

कोयता_बीड

ताई, तुमचं 'डबल कट' वाचलं आणि फोन खाली ठेवला. थोड्या वेळाने परत उचलून लिहितोय.

माझे आईवडील बावीस हंगाम ऊसतोडीला गेले. आमच्याकडं त्याला 'खाडा' म्हणतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून दसऱ्याआधी उचल घ्यायची, आणि हंगामात एक दिवस जरी मोडला, ताप आला, पाळी आली, तरी खाड्याचा दंड उचलीवर चढतो. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड. म्हणजे दुप्पटच झालं की. बीडच्या बायकांनी गर्भपिशव्या काढून टाकल्या, २०१९ मध्ये पेपरात आलं, विधान परिषदेत गाजलं, सरकारनं समिती नेमली. त्याच्या मुळाशी हाच खाडा होता.

आईच्या वहीत एका हंगामाचा हिशेब अजून आहे. एका बाजूला उचल, मग टनाचा हिशेब, मग 'खाडे ११'. त्या अकरांतले चार दिवस माझ्या जन्माचे.

मॉरिशसच्या मालकानं हे दीडशे वर्षांपूर्वी केलं. आमच्या मुकादमानं ते कुणाकडून शिकलं ठाऊक नाही, पण ऊस तोच आहे आणि तोडणाऱ्याचं गणितही तेच आहे. एवढंच सांगायचं होतं.

गाळप_हंगाम

कोयतादादा, तुमच्या आईच्या त्या वहीचे फोटो काढून ठेवा. तो कागद उद्या लागेल.

मी साखर कारखान्यात केमिस्ट होतो, कोल्हापूर भागात. नंतर मॉरिशसच्या एका कारखान्यात दोन हंगाम काढले. आपला पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की साधारण जूनच्या सुमारास तिकडे बॉयलर पेटतो, आणि डिसेंबरपर्यंत गाळप चालतं. काम तेच. चिपाडावर वीज करण्यात ते आपल्या कितीतरी आधी पुढे गेले.

फरक मालकीचा आहे. आपल्याकडे १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना उभा केला. सहकाराचं पुढे काय झालं यावर इथे वेगळे शंभर धागे आहेत, पण सभासदाला निदान सर्वसाधारण सभेत उभं राहून ओरडता येतं. तिथे कारखाना आणि सभोवतीची हजारो एकर एकाच कंपनीची, आणि कंपनीच्या मुळाशी बहुतेक फ्रेंच वंशाची जुनी घराणी. लोकसंख्येत ती जेमतेम दोन टक्के. १८५० च्या दशकात बेटावर अडीचशेहून जास्त कारखाने होते. ते एकमेकांत मिसळत गेले आणि आज तीनच राहिलेत.

भारतीयांना जमीन मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. साखरेचा भाव पडला तेव्हा मळेवाल्यांनी कडेची, दगडाळ रानं तुकडे पाडून विकली. चांगली रानं आणि कारखाना स्वतःकडे ठेवला. छोट्या शेतकऱ्याचा ऊस शेवटी त्याच मालकाच्या काट्यावर. काटा ज्याच्या हातात त्याच्या हातात भाव, हे आपल्याकडच्या कुठल्याही ऊसवाल्याला समजावून सांगावं लागत नाही.

यावरून १९३७ चं प्रकरण सांगतो. छोटे शेतकरी 'उबा' जातीचा ऊस लावायचे. काटक जात, कमी खर्चात येणारी. कारखानदारांनी ठरवलं की उबाला १५ टक्के कमी भाव द्यायचा. लोक रस्त्यावर आले, युनियन फ्लाक मळ्यावर गोळीबार झाला, चार माणसं मेली. त्याच्या आदल्याच वर्षी मजूर पक्ष निघाला होता आणि तो काढणारा डॉक्टर मॉरिस क्युरे क्रिओल होता! कामगारांच्या संघटना बांधत फिरणारा इमॅन्युएल आंक्तिलही क्रिओल, सरकारने त्याला १९३८ मध्ये रॉड्रिग्ज बेटावर नेऊन ठेवलं. ऊस भारतीयांचा, लढायला उभे राहिले क्रिओल पुढारी. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल मळ्यावर परत गोळ्या चालल्या, त्यात अंजले कुपेन ही गरोदर मजूर बाई मेली.

धागाकर्तींच्या मुद्द्याला माझी ही पुरवणी. दोघांना एकमेकांसमोर उभं केलं हे खरं, पण काही वर्षं ते एका बाजूला उभे होते, हेही तितकंच खरं. मी राहायचो तिथल्या वॉचमनने मला अंजलेची गोष्ट सांगितली. तो क्रिओल होता आणि तिचं नाव घेताना त्याने टोपी काढली.

फोर्टमधला

मी पोर्ट लुईत सहा वर्षं वित्तीय क्षेत्रात काढली. मला वरच्या चित्राशी भांडायचं नाही, पण ते पुरतं नाही.

१९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने या बेटाचं भवितव्य फार काळं रंगवलं होतं: एकच पीक, झपाट्याने वाढणारी लोकसंख्या, वर जमातींचे तंटे. याच मीडना पुढे नोबेल मिळालं, आणि मॉरिशसच्या बाबतीत त्यांचा अंदाज साफ चुकला. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य. शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने गोऱ्यांचे मळे जप्त केले नाहीत, साखरेच्या निर्यातीवर कर लावला. १९७० मध्ये निर्यातक्षेत्राचा कायदा केला, कापडाचे कारखाने आले, हजारो बायका पहिल्यांदा पगाराला लागल्या. १९७५ च्या लोमे करारानंतर युरोपने साखर हमीभावाने घेतली. शिक्षण मोफत झालं. पुढे भारताबरोबरच्या करकरारामुळे गुंतवणुकीचा पैसा तिथून भारतात वाहिला, २०१६ मध्ये तो करार बदलेपर्यंत. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत याच वारशातून यादवी निघाली, इथे निवडणुकांनी सरकारं बदलत राहिली. २००३ मध्ये पॉल बेराँजे, फ्रेंच वंशाचा माणूस, पंतप्रधान झाला आणि कुणी काच फोडली नाही.

जमीन वाटली असती तर कदाचित भांडवल पळालं असतं आणि सगळेच गरीब राहिले असते. रामगुलामांनी जो सौदा केला त्याला मी शहाणपण म्हणतो.

माणगावखोरं

फोर्टमधलासर, सौदा शहाणपणाचा होता हे मान्य करते. माझा प्रश्न त्या बैठकीला कोण होतं हा आहे. सत्ता एकाकडे, मालमत्ता दुसऱ्याकडे, असं दोघांत ठरलं, आणि तिसरा दाराबाहेर राहिला. १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधी बाजूला पडली, त्यात क्रिओल मोठ्या संख्येने होते. त्यांना भीती होती की इंग्रज गेल्यावर आपल्याला कुणी वाली नाही. स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमानांत दंगल पेटली. कितीतरी कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघून गेली.

राहिलेल्यांचं काय झालं ते १९९३ मध्ये रोजे सेर्व्हो या पाद्रींनी नाव देऊन सांगितलं: 'क्रिओल समाजाचं दुखणं'. तुम्ही ज्या भरभराटीचा हिशेब देताय त्याच वर्षांत हे दुखणं वाढत होतं. २१ फेब्रुवारी १९९९ ला काया हा गायक पोलीस कोठडीत मेला आणि काही दिवस बेट पेटलं. काच फुटली ती तेव्हा. काया गात होता ते संगीत सेगा आणि रेगे यांच्या मिलाफातलं. सेगा गुलामांनी बकऱ्याच्या कातड्याच्या डफावर, रावानवर, वाजवत टिकवलेला. हॉटेलात आम्हाला जेवणानंतर दाखवला तो हाच.

दस्तऐवज

वकिली नजरेतून दोन गोष्टी जोडतो.

तिथल्या राज्यघटनेत उमेदवाराला आपली जमात जाहीर करावी लागते. जमाती चार: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि 'सर्वसाधारण लोकसंख्या'. ६२ जागा निवडून येतात, शिवाय कमी पडलेल्या जमातींचा समतोल राखायला हरलेल्यांतून आठपर्यंत जागा भरतात. हिशेबाला आकडे १९७२ च्या जनगणनेचे, कारण त्यानंतर जमातीची मोजणीच बंद केली. आता 'सर्वसाधारण लोकसंख्या' म्हणजे कोण? जो हिंदू नाही, मुसलमान नाही, चिनी नाही, तो. म्हणजे मळ्याच्या मालकाचा पणतू आणि त्याच मळ्यावरच्या गुलामाचा पणतू एकाच रकान्यात! क्रिओल समाजाचं वेगळं मोजमाप कागदावर उमटतच नाही. जे मोजलं जात नाही ते मागता येत नाही, आरक्षणाच्या खटल्यांत हे मी रोज बघतो.

दुसरं, मालकीचे दस्त. दिवाणी कायदा अजून नेपोलियनच्या संहितेवरचा, शेवटचं अपील अजून लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे. २००९ मध्ये सत्य आणि न्याय आयोग नेमला, गुलामगिरी आणि कंत्राटी मजुरी दोन्हींचे परिणाम तपासायला. २०११ च्या अहवालात जमिनी हडपल्याच्या तक्रारींचा मोठा भाग आहे. ज्या कुटुंबांकडे दस्त होता पण वाचणारं कुणी नव्हतं, त्यांची जमीन शेजारच्या मळ्यात मिसळून गेली. आणि २००२ पासून मळ्यांच्या जमिनीवर परदेशी श्रीमंतांना बंगले विकायची योजना आली. २००९ मध्ये युरोपचा हमीभाव संपल्यावर तर ऊस काढून बंगले, हे सरळ गणित झालं. दीडशे वर्षांपूर्वी विकली गेली नव्हती ती जमीन आज सोन्याच्या भावाने विकली जातेय, आणि विकणारे हात तेच आहेत.

मॉरिशसमधून वेगळ्या काढलेल्या शागोस बेटांवर इथे लिहीत नाही. तिथली माणसं बेटांवरून कशी उचलली गेली, तो स्वतंत्र धागा व्हावा.

वाकोआ_गणेश

नमस्कार. मी मॉरिशसमध्ये मराठी शिकवतो. माझ्या मराठीत चुका असतील तर सांभाळून घ्या. घरी आम्ही क्रिओल बोलतो, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचतो, सरकारी अर्ज इंग्रजीत भरतो, आणि मराठी आरतीत आणि वर्गात असते. क्रिओल ही सगळ्यांची बोली, पण प्राथमिक शाळेत विषय म्हणून ती २०१२ मध्ये आली. मराठी, हिंदी, तमिळ, उर्दू कितीतरी आधीपासून होत्या. माझ्या वर्गात मराठी पोरांचा मराठीचा तास असायचा, तेव्हा क्रिओल पोरं बाहेर मैदानात बसायची. मी वीस वर्षं ते खिडकीतून पाहिलं आणि मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. ताईंचा धागा वाचून आता दिसतं.

आमच्याकडे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तुमच्या कोकणातली जाखडी आम्ही 'झाकरी' म्हणून नाचतो. घटनेत आम्ही हिंदूंत मोजले जातो, जनगणनेत भाषेच्या रकान्यात मराठी वेगळे. निवडणूक आली की प्रत्येक पक्ष विचारतो, मराठी उमेदवार किती द्यायचे. आम्हालाही ते आवडतं, खोटं का बोलू.

माझ्या खापरपणजोबांचा कागद मी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरातून काढला. क्रमांक आहे, जहाजाचं नाव आहे, बापाचं नाव, वय २२, जात मराठा, जिल्हा 'रुतनागेरी', परगणा 'सालसी'. गावाच्या रकान्यात शाई पसरली आहे. शेवटची दोन अक्षरं 'वली' वाटतात. कुणाला काही सांगता येईल का?

माणगावखोरं

सर, तुमची मराठी माझ्या भाच्यांपेक्षा चांगली आहे.

परगणा सालसी म्हणजे आपली साळशी. आज देवगड तालुक्यात साळशी गाव आहे, पण पूर्वी त्या नावाचा महाल होता, बरीच गावं त्यात मोडायची. 'वली' शेवटी येणारी गावं त्या पट्ट्यात पुष्कळ, कणकवलीसुद्धा. घरात कुलदेवतेचं किंवा ग्रामदेवतेचं नाव टिकलंय का? गाऱ्हाणं घालताना कुणाचं नाव घेतात? रवळनाथ, लिंगेश्वर, पावणाई, काहीही आठवलं तर सांगा. देवावरून गाव सापडतं. माझे काका त्या भागात मास्तर होते, त्यांना कागदाचा फोटो दाखवते.

वाकोआ_गणेश

ताई, आभार. आजी पावणाईचं नाव घ्यायची! आम्हाला वाटायचं तो 'पाहुणी' शब्द आहे. फोटो पाठवतो.

आणखी एक विचारायचं आहे, या धाग्यावर विचारणं बरोबर आहे असं वाटतं. माझी बायको क्रिओल आहे. माझा कागद आला तेव्हा मुलीने विचारलं, आईचा कागद कधी आणायचा? आम्ही गेलो. गुलामांच्या नोंदवह्या आहेत, १८३५ च्या आधीच्या. मालकाच्या नावाखाली माणसं लिहिलेली. बायकोच्या घराण्यातली म्हणून जी बाई आम्हाला सापडली तिच्यापुढे मालकाने ठेवलेलं नाव आहे, वय आहे, काम 'कुदळीचं' आहे. बापाचं नाव नाही. जहाज नाही. गावाला रकानाच नाही. त्या जागी एकच शब्द, 'मोझांबिक'.

मुलगी नऊ वर्षांची आहे. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि नकाशात मोझांबिक किती मोठं आहे ते बोटाने मोजलं. मग म्हणाली, बाबांचं गाव सापडलं की आधी तिकडे जाऊ या, पण आईसाठी कुणाला विचारायचं? कोकणातल्या देवांसारखं काही तिकडच्या माणसांकडेही असेल, नावं, गाणी, गोंदण, ज्यावरून ठिकाण ओळखता येईल. इथे कुणी मोझांबिकमध्ये राहिलेलं, काम केलेलं असेल तर कृपया लिहा.